गर्दी रंगवणारे रावबहादूर

रमजानचा शेवटचा आठवडा लागला की वर्तमानपत्रांत एक छायाचित्र ठरलेलं असतं. मुंबईतला एखादा रस्ता, वरच्या मजल्यावरून टिपलेला. दोन्ही बाजूंना दिव्यांच्या माळा, हातगाड्यांवर फेण्या आणि खजूर, आणि मधे नजर पोहोचेल तिथवर नुसती डोकी. पेण-रोह्याकडची कितीतरी कुटुंबं ईदच्या खरेदीसाठी त्या गर्दीत असतात, पण चित्रात कोण कोणाला ओळखणार! खाली ओळ असते, भाविकांची अलोट गर्दी. झालं.

याच शहराची गर्दी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका चित्रकाराने जन्मभर रंगवली, आणि ती अशी, की त्यातला माणूस त्याच्या घरच्यांनी ओळखावा. त्यांचं नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. नाव सगळ्यांच्या कानावर असेलच असं नाही, पण त्यांचं एक चित्र रायगड जिल्ह्यात तरी बहुतेकांनी पाहिलेलं असतं. शिवराज्याभिषेकाचं. शाळेच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीत, दिनदर्शिकेवर त्याच्या प्रती फिरत असतात. सिंहासनावर महाराज, वर छत्र, दोन्ही अंगांना दाटीवाटीने सरदार-मुत्सद्दी आणि एका बाजूला कमरेत वाकून मुजरा करणारा इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन. खाली चित्रकाराचं नाव छापलेलं असलं तरी ते वाचायची आपल्याला सवय नाही.

हा ऑक्झेंडन आपल्याच वाटेने गेला होता. १६७४च्या मे महिन्यात तो मुंबईहून निघाला, समुद्रमार्गे चौलला आला, तिथून खाडीने रोह्याजवळच्या अष्टमीपर्यंत, आणि पुढे निजामपूर, पाचाड करत रायगडावर. ६ जूनच्या दरबाराची जी नोंद त्याने ठेवली, तिच्यात त्याला नवल वाटलेली एक गोष्ट आहे. एवढ्या अवघड चढणीवर दरवाजाशी हत्ती उभे होते, ते वर आणले कसे? धुरंधरांनी हा प्रसंग रंगवला तो सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी. पाहिलेला कोणीच उरला नव्हता. तरी तो दरबार खरा वाटतो, याचं कारण मला वाटतं असं, की त्यातली गर्दी त्यांनी कल्पनेतून काढलेली नाही. एवढी माणसं एका जागी कशी बसतात, कोण पुढे झुकतो, कोणाचं लक्ष भलतीकडे असतं, हे सगळं त्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर, लग्नांत आणि जत्रांत बघून हातात मुरवलेलं होतं.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७चा, कोल्हापूरचा. घराणं पाठारे प्रभूंचं, म्हणजे मूळ मुंबईशी जोडलेलं. त्याच कोल्हापूरचे आबालाल रहिमान त्यांच्या आधी मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकून नावाजले होते. आबालालांच्या घरात कुराणाच्या प्रती सुबक अक्षरांत लिहिण्याची परंपरा होती. पुढे आबालाल कोल्हापुरात राहिले आणि रंकाळ्याचं पाणी, संध्यामठ, झाडं, एकांत रंगवत गेले. धुरंधरांची वाट नेमकी उलटी. त्यांना माणसं लागत. एका गावातून आलेले, एकाच शाळेत शिकलेले हे दोन चित्रकार, एकाने गर्दीकडे पाठ केली आणि दुसरा तिच्यात शिरला. दोघांवर एकत्र कोणीतरी सविस्तर लिहायला हवं, असं मला नेहमी वाटतं.

१८९०च्या जानेवारीत धुरंधर जे. जे.त दाखल झाले. तेव्हा प्रमुख होते जॉन ग्रिफिथ्स, ज्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करून घेतल्या होत्या. शिक्षण मात्र विलायती धाटणीचं. वर्गात ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे ठेवायचे आणि त्यांच्यावरून रेखाटन करायचं. पण शाळेचं फाटक ओलांडलं की समोर क्रॉफर्ड मार्केट. तिथून चार पावलांवर अब्दुल रहमान स्ट्रीट, पुढे पायधुनी, भेंडी बाजार. आत न हलणारे पुतळे आणि बाहेर क्षणभर न थांबणारी माणसं. विद्यार्थ्याला दोन्ही मिळाली, आणि त्याने दोन्हींचा उपयोग केला. पुतळ्यांवरून शरीराचा तोल शिकले, बाजारात तो तोल बिघडतो कसा हे पाहिलं. डोक्यावर पाटी असलेल्या कोळणीची मान, हमालाची पाठ, चणेवाल्याचा एका कुल्ल्यावर टेकलेला देह.

तेव्हाची मुंबईची गर्दी वाचायची तर आधी डोकं बघायचं. पारशाची उंच काळी पगडी, भाटियाचं शिंगासारखं टोक काढलेलं पागोटं, प्रभूंची चक्री पगडी, बोहऱ्याची सोनेरी काठाची पांढरी टोपी, मेमणाचा जरीचा फेटा, कोळ्याची लाल टोपी, नव्या शिकलेल्या मुसलमान तरुणाची गोंड्याची तुर्की टोपी, आणि घाटावरून गिरणीत आलेल्या मराठ्याचं मुंडासं. माणूस तोंड उघडायच्या आत त्याचं गाव, धंदा आणि जात डोक्यावर दिसे. धुरंधरांच्या गर्दीत पुढची पाच-सहा माणसं पूर्ण काढलेली असतात, चेहऱ्यावरच्या भावासकट. त्यांच्या मागची खांद्यापर्यंत. त्याही मागे उरतात ती फक्त पागोटी आणि टोप्या, रंगाच्या एकेका फटकाऱ्याची. तरी शेवटच्या रांगेतला पारशी आणि बोहरा वेगळा कळतो. ही युक्ती सोपी वाटते. करून पाहावी म्हणजे समजतं.

या गर्दीवर त्याच दशकात दोन घाले पडले. १८९३च्या ऑगस्टमध्ये शहरात हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली. तोवर मोहरमच्या ताबुतांपुढे हिंदूही मोठ्या संख्येने असत, नवस बोलत, पाणी वाटत. दंगलीनंतर ते प्रमाण ओसरलं आणि सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला. १८९६त प्लेग आला. लाखो लोक मुंबई सोडून गेले, त्यातले कितीतरी बोटींनी कोकणात उतरले. १८९१च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती, १९०१मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली होती. म्हणजे धुरंधर ज्या वर्षांत गर्दी काढायला शिकत होते, त्याच वर्षांत त्या शहरात गर्दी या शब्दाचीच धास्ती होती. दंगलीमुळे सरकारला, आणि प्लेगमुळे सगळ्यांनाच.

धुरंधर मात्र पुढे सरकत होते. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक त्यांना मिळालं. विद्यार्थीदशा संपताच त्याच शाळेत ते शिक्षक झाले. पहिल्या पत्नी बापूबाई तरुणपणीच गेल्या. नंतर गंगूबाईंशी लग्न झालं, संसार पुन्हा उभा राहिला.

नव्या शतकाच्या सुरुवातीला पोस्टकार्डांची लाट आली आणि धुरंधरांची चित्रं कागदाच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर छापली जाऊ लागली. कोळीण, फुलवाली, धोबी, पोलीस शिपाई, लग्नाची वरात, नटूनथटून निघालेली मोलकरीण. काहींत मिश्किलपणा आहे, काहींत थोडा चावटपणाही. साहेब लोक ती विलायतेत पाठवत. शिक्षित चित्रकाराने असल्या स्वस्त कामात वेळ घालवावा का, अशी नाकं तेव्हाही मुरडली गेली असतील आणि नंतर तर समीक्षकांनी त्यांना कारागीर चित्रकार म्हणून बाजूलाच ठेवलं. मला तो न्याय पटत नाही. त्या पोस्टकार्डांवर जी माणसं आली, त्यांना तोवर तैलचित्राच्या चौकटीत कोणी जागा दिली नव्हती.

उर्दू शिकवणाऱ्याला इथे एक जुनी चाल आठवल्याशिवाय राहत नाही. फारसीत आणि तिच्यामागून उर्दूत शहर-आशोब नावाचा काव्यप्रकार आहे. आज त्याचा अर्थ उजाडलेल्या शहराचा विलाप असा घेतला जातो. पण सुरुवातीला त्यात कवी शहरातून फिरायचा आणि शिंपी, सोनार, हलवाई, भिश्ती अशा एकेका धंद्याच्या माणसाचं वर्णन करायचा. आग्र्याचे नजीर अकबराबादी यांनी तर पुढे ईद, होळी, मेळे, फळं विकणारे, भिकारी, अस्वलवाले, सगळ्यांना कवितेत घेतलं. ते १८३०त वारले, आणि दरबारी चवीच्या रसिकांनी त्यांनाही बराच काळ बाजारू म्हणून हिणवलं. धुरंधरांची पोस्टकार्डं म्हणजे मुंबईचं रंगीत शहर-आशोबच. चित्रातही ही चाल इथे जुनी आहे. अकबरनाम्यातल्या फतेहपूर सिक्री बांधली जात असतानाच्या चित्रात बादशहा एकीकडे असतो आणि सगळी हालचाल पाथरवटांची, ओझी वाहणाऱ्या मजुरांची असते.

आता धुरंधरांच्या आयुष्यातल्या ज्या कामाकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचं आहे, ते १९१२चं. त्या वर्षी तारापोरवाला यांनी मुंबईच्या आडवाटांवर एक इंग्रजी पुस्तक काढलं, बाय-वेज ऑफ बॉम्बे. लेखक एस. एम. एडवर्ड्स, चित्रं धुरंधरांची. लेख आधी टाइम्स ऑफ इंडियामध्ये टोपणनावाने आलेले. अफूचे अड्डे, सिद्दी लोकांचे नाच, गाणाऱ्या बायका, कोकणातली एक दंतकथा, आणि एक पूर्ण प्रकरण मुंबईच्या मोहरमवर. पुस्तक वाचनीय आहे. लेखकाला शहर ठाऊक आहे आणि त्याला ते आवडतंही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवायची. हा लेखक १९०९पासून मुंबईचा पोलीस कमिशनर होता.

१९०८मध्ये टिळकांना शिक्षा झाल्यावर गिरणी कामगारांनी सहा दिवस शहर बंद पाडलं होतं. १९११च्या मोहरममध्ये गोळीबारापर्यंत मजल गेली. त्यानंतर एडवर्ड्स यांच्याच कारकिर्दीत मोहरमच्या मिरवणुकांवर कडक निर्बंध आले, मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून निघणाऱ्या टोळ्या बंद झाल्या, आणि ताबुतांची ती जुनी, सगळ्या शहराची मिरवणूक हळूहळू संपली. (मोहरम हा सण नव्हे, करबलाच्या शहादतीचा शोक आहे, आणि ढोल-ताशे, सोंगं यांवर खुद्द मुसलमान आलिमांचाही आक्षेप होताच, हे वाचकांना सांगायला हवं.) एकच माणूस त्या गर्दीचं रसभरीत वर्णनही लिहीत होता आणि तिला आवर घालणारे हुकूमही काढत होता. आणि त्याच्या शब्दांशेजारी चित्र काढणारा माणूस सरकारी शाळेतला मास्तर, सरकारचाच पगारी.

धुरंधरांना या पेचाची किती जाणीव होती, हे चित्रांवरून ठरवणं धाडसाचं आहे. त्यांनी बंड केलं नाही. तो त्यांचा पिंड नव्हता. पण कमिशनरच्या कामात गर्दी म्हणजे मोजायची, अडवायची, पांगवायची वस्तू असते. चित्रकाराला तसं करून चालत नाही. त्याला एकेक नाक, एकेक खांदा काढावा लागतो. चित्र काढताना त्या माणसाशी काही क्षण तरी थांबावं लागतं. मोहरमची ती जुनी मुंबई आज रस्त्यावर नाही. तिची आठवण जिथे उरली आहे, त्यांत हे पुस्तक आहे, आणि ते तिला आवरणाऱ्यानेच लिहिलेलं आहे.

धुरंधरांवर एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळू नये. त्यांची माणसं पुष्कळदा नमुने होतात. इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात द पीपल ऑफ इंडिया नावाचे आठ खंड काढले होते. माणसांची छायाचित्रं, आणि खाली जात-जमात, जणू दुकानातल्या बरणीवरची चिठ्ठी. ऑटो रॉथफील्ड यांच्या १९२०मधल्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी धुरंधरांनी ४८ रंगीत चित्रं केली, त्यांतही तीच शिस्त आहे. मुंबईची खोजा बाई, चालत निघालेली मेमण बाई, सुरतेची बोहरीण, मराठा बाई, कानडी नायकीण. एक पान, एक जात. रस्त्यावर खोजा बाई आणि मराठा बाई एकाच भाजीवालीशी घासाघीस करत असणार. पुस्तकात त्यांची गाठ पडत नाही. गर्दीतून उचलून वेगवेगळं केलं की चित्र सुंदर होतं, आणि शहर नाहीसं होतं. त्याच चित्रकाराची वरात किंवा बाजार पाहिला की मग फरक कळतो.

एवढं मात्र त्या पुस्तकातही जाणवतं, की मुसलमान म्हणजे सगळे एकसारखे अशी धुरंधरांची समजूत नव्हती. खोजा, मेमण आणि बोहरा बाईच्या पेहरावातला फरक आज आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल? मलाही आधी विचारावं लागलं असतं.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट या पानासाठी महत्त्वाची आहे. १९१६ साली हाजी महंमद अल्लारखिया शिवजी या खोजा गृहस्थाने मुंबईत विसमी सदी, म्हणजे विसावं शतक, नावाचं गुजराती मासिक सुरू केलं. सचित्र, उत्तम छपाईचं, सर्वसामान्य वाचकाला परवडावं अशा हेतूने. धुरंधरांची चित्रं त्यात येत. कन्हैयालाल मुनशींची पृथिवीवल्लभ ही कादंबरी त्यातच क्रमशः आली. चित्रांवर आणि छपाईवर हाजी इतका खर्च करत गेले की घरची मिळकत त्यात संपली. १९२१च्या जानेवारीत ते गेले आणि मासिकही गेलं. गुजराती मासिक, मुसलमान संपादक, मराठी चित्रकार, आणि वाचणारे सगळ्या पेठांमधले. जे. जे.तच शिकलेले रविशंकर रावळ हाजींनाच गुरू मानत, आणि त्यांनी १९२४मध्ये अहमदाबादेत कुमार सुरू केलं ते त्याच प्रेरणेने.

धुरंधर एव्हाना मोठे झाले होते. रावबहादूर किताब मिळाला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्याकडून चित्रं करून घेत. किंकेड साहेबांनी आपल्या व्रतकथा इंग्रजीत आणल्या, १९१४त, त्यांना चित्रं धुरंधरांचीच. नवी दिल्ली उभी राहत होती तेव्हा तिथल्या सचिवालयात कायदा विभागाच्या सदस्याच्या दालनासाठी भित्तिचित्रांचं काम त्यांच्याकडे आलं. विषय न्यायदानाचा. म्हणजे पुन्हा माणसांची दाटी, या वेळी न्यायासनासमोरची.

शाळेत मात्र वरची खुर्ची इंग्रजाचीच राहिली. ग्रिफिथ्स गेले, सेसिल बर्न्स आले, ग्लॅडस्टन सॉलोमन आले. धुरंधर विद्यार्थी होते, शिक्षक झाले, मुख्याध्यापक झाले, आणि १९३०मध्ये सॉलोमन नसताना प्रभारी संचालक झाले. त्या जागी बसलेले ते पहिले भारतीय. तेही प्रभारी, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर. १९३१च्या जानेवारीत त्यांनी शाळा सोडली तेव्हा तिथे पाऊल ठेवल्याला ४१ वर्षं झाली होती. आत्मकथनाला त्यांनी नाव दिलं ते हेच मोजून, कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे. ते १९४०त प्रसिद्ध झालं. कटुता त्यात शोधू गेलं तर फारशी सापडत नाही. कोणत्या वर्षी कोणतं चित्र, कोणतं बक्षीस, कोण साहेब कसा वागला, हे मात्र नेटकं सापडतं. चित्रांवरही सही करताना तारीख घालायची त्यांना सवय होती. अभ्यासकांवर हे त्यांचे उपकारच.

१ जून १९४४ला धुरंधर मुंबईत वारले. त्याच्या दीड महिना आधी, १४ एप्रिलला, व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं होतं आणि मशीद बंदर, मांडवीच्या बाजूची कितीतरी वस्ती बेचिराख झाली होती. धरमतरच्या धक्क्यावरून बोटीने निघालेला माणूस मुंबईत ज्या भागात पहिल्यांदा मिसळायचा, तो हाच भाग.

त्यांची मुलगी अंबिका धुरंधर हीही जे. जे.त शिकून चित्रकार झाली. तिने वडिलांची चित्रं, रेखाटनं, वह्या जिवापाड जपल्या, स्वतःच्या आठवणीही लिहिल्या. २००९मध्ये ती वारली. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की शिवराज्याभिषेकाचा चित्रकार आणि पोस्टकार्डावरच्या कोळणीचा चित्रकार एकच. औंधच्या संग्रहालयात त्यांची मूळ चित्रं आजही पाहता येतात. एडवर्ड्स यांचं पुस्तक जुनं झाल्याने इंटरनेटवर फुकट वाचता येतं, चित्रांसकट. मोहरमचं प्रकरण सहावं आहे.